पाणी रोज, बोट दिवसाआड

मी अकरावीत असल्यापासून पत्रकं लिहिते. लग्नपत्रिकेचा मजकूर मला जमत नाही, वाढदिवसाच्या शुभेच्छा जमत नाहीत, पण ‘नागरिकांनो’ एवढा शब्द कागदावर पडला की पुढचा हात आपोआप चालतो. आमच्या विहाराच्या अभ्यासिकेत एक निवृत्त गुरुजी येऊन बसायचे. त्यांनी मला शिकवलं. पहिल्या ओळीत दोषी कोण ते सांगायचं, शेवटच्या ओळीत मागणी करायची, मधे पुरावा. कागदाची एकच बाजू वापरायची, कारण दुसरी बाजू कोणी उलटून बघत नाही. एवढ्या शिदोरीवर माझी सात-आठ वर्षं झाली. गटारावर लिहिलं, शिष्यवृत्तीवर लिहिलं, विडीवाल्या बायांच्या पासबुकांवर लिहिलं. सगळ्यात जास्त लिहिलं पाण्यावर.

सोलापुरात भवानी पेठेच्या मागल्या अंगाला आमची गल्ली आहे. तिथं नळाला पाणी चार दिवसाआड येतं. हा ‘आड’ शब्द नीट बघा. मी त्याच्यावर एक अख्खं पत्रक काढलं होतं. चार दिवसाआड म्हणजे चौथ्या दिवशी नव्हे. मधे चार दिवस कोरडे, आणि पाणी पाचव्या दिवशी. ऐकायला चार, भरायला पाच. ‘आकड्याआड लपू नका’ असा मथळा होता. तो वाचून गुरुजी पहिल्यांदा आणि शेवटचंच मला ‘शाब्बास’ म्हणाले. मी ते पत्रक आठवडाभर खिशात घेऊन फिरत होते.

हे सगळं सांगायचं कारण, गेल्या उन्हाळ्यात माझ्या ताईनं मला एक कागद लिहायला सांगितला आणि मला तो लिहिता आला नाही.

ताई माझ्याहून नऊ वर्षांनी मोठी. एका खाजगी दवाखान्यात स्टाफ नर्स. आमचे वडील यंत्रमागावर होते. ते गेले तेव्हा मी आठवीत होते आणि ताईचं नर्सिंग नुकतंच संपलं होतं. तेव्हापासून घर तिनं ओढलं. माझी फी, आईच्या गुडघ्याची औषधं, पत्र्याच्या जागी स्लॅब, सगळं. तिचं लग्न जमता जमता दोनदा राहिलं. नंतर तिनं तो विषयच काढू दिला नाही. मी हे सगळं बघत होते, पण घरातली भिंत बघावी तसं. भिंत आहे, हे आपण रोज कुठं लक्षात घेतो?

तर त्या उन्हाळ्यात परदेशी नोकऱ्या लावणाऱ्या एजंटाकडून तिला एकाच आठवड्यात दोन ठिकाणचं बोलावणं आलं. एक मालदीवचं, एका छोट्या बेटावरच्या आरोग्य केंद्रात. दुसरं माल्टाचं, म्हाताऱ्या माणसांच्या एका निवासात. दोन्ही देश बेटांचे, दोन्ही नकाशावर शाईचा ठिपका पडावा एवढे, आणि नावंही जुळ्या बहिणींसारखी. आईनं पहिल्याच दिवशी हात टेकले. ती दोघांनाही मालटाच म्हणायची. जवळचं मालटा आणि लांबचं मालटा. शेजारच्या काकूंनी मोबाईलवर पाण्यातल्या झोपड्यांचे फोटो दाखवून विचारलं, “ह्योच का गं तुमचा दवाखाना?”

पुढच्या शनिवारपर्यंत हो किंवा नाही कळवायचं होतं. दोन वर्षांचा करार. चुकीच्या जागी पाय पडला तर दोन वर्षं गेली, आणि ताईनं आतापर्यंत स्वतःसाठी काही मागितलं होतं असं मला तरी आठवत नव्हतं.

ड्युटीवरून येऊन, पाय धुऊन ती माझ्यासमोर बसली.

“तुला लिवता येतंय. दोन्हीचं एका कागदावर मांडून दे मला. कुटं जगणं बरं हाय, एवढंच.”

“पण तू जायचंच कशाला?” मी म्हटलं. “हितं नर्सना धड पगार देत नाहीत, म्हणून तुम्ही उठून समुद्रात जायचं? हा प्रश्न तुझा एकटीचा नाही. हा व्यवस्थेचा...”

“ए,” ताई म्हणाली. “पत्रक नगं. कागद मागतीय.”

मी दोन दिवस बसून कागद केला. मोबाईलवर सापडेल ते वाचलं. मथळा दिला: ‘दोन बेटं, एकच पिळवणूक’. मालदीवमध्ये परदेशी कामगारांचं काय होतं, माल्टात परवाना मालकाच्या हातात कसा असतो, सगळं झोडपलं. शेवटी मात्र माल्टाच्या बाजूनं कौल दिला, कारण युरोपात कायदे आहेत, संघटना आहेत, कोर्ट आहे. आणि सवयीनं पहिलं कलम घातलं ‘पाणीपुरवठा’. अर्धा कागद त्यातच गेला. दोन्हीकडे समुद्राचं पाणी गोडं करून नळाला सोडतात, त्याला किती वीज लागते, मग आपल्याकडे उजनी एवढी भरलेली असताना काय अडचण आहे, वगैरे वगैरे.

ताईनं जेवता जेवता वाचला. भाकरीचा तुकडा हातातच राहिला आणि ती हसायला लागली.

“आई, हिला इचार मला देश निवडायचाय का नगरसेवक.”

आईला काही कळलं नाही, पण ताई हसतेय म्हणून तीही हसली. मला राग आला. दोन दिवस डोळे फोडून केलेला कागद होता तो.

“मग काय लिहायचं? तूच सांग.”

ताईनं ताट बाजूला सारलं. मग म्हणाली, “सुट्टीच्या दिवशी बाई तितं कुटं बसती?”

“म्हणजे?”

“म्हंजे बसती कुटं. काम नसलं की. एवढं इचार कुणाला तरी. बाकी मी बगते.”

हा काय प्रश्न झाला? पगार नाही, कायदा नाही, सुरक्षितता नाही. बाई बसते कुठं! मी मनात म्हटलं, म्हणूनच नर्सांची संघटना होत नाही. खरंच म्हटलं मी असं. ते इथं लिहून ठेवते, म्हणजे पुन्हा शहाणपणा करताना आठवेल.

माल्टातल्या माणसाचा नंबर ताईच्या वर्गातल्या एका मैत्रिणीनं दिला. केमचा होता, करमाळ्याकडचा. तोही म्हाताऱ्यांच्या निवासातच कामाला. त्यानं त्याच्या जेवणाच्या सुट्टीत फोन केला, आमच्याकडे तेव्हा चहाची वेळ होती. मी प्रश्नांची यादी घेऊन तयार होते. पण मी तोंड उघडायच्या आत आई फोनजवळ सरकली.

“बाळा, तितं पाणी किती दिवसाआड येतंय?”

पलीकडून खो खो हसू आलं. “मावशी, लई दिवसांनी ऐकला बगा ह्यो प्रश्न. हितं पाणी रोज हाय. समुद्राचंच करून देत्यात. चव न्हाय, पर हाय.” मग म्हणाला, “झोप मातुर दिवसाआड हाय.”

“ती कशी?” मी विचारलं.

“आज दिवसपाळी, उद्या रातपाळी. खोलीत चौघं. माझी झोपायची येळ झाली की दुसऱ्याची कांदा चिरायची येळ. तक्रार न्हाय माझी. पगार बरा हाय. काम सपलं की कोण कुणाच्या वाटंला जात न्हाय. बायाबी एकट्या फिरत्यात, कोण वळून बगत न्हाय. हे मी आमच्या बहिणीला सांगितलं, तर तिला खरंच वाटंना.”

त्यानं एकेक सांगितलं. पिवळट दगडाची घरं, चढउताराचे रस्ते, उन्हाळा आपल्यासारखाच कडक, वारा मात्र खारट. तो सांभाळतो त्या आजोबांना आपल्याकडची हळद आवडते, पण त्यांच्या मुलीला चालत नाही. इंग्रजीवर भागतं. चार वर्षांनी काय होईल ते सांगता येत नाही, पण पुढं जायला वाट असते. मी यादी गुंडाळून ठेवली आणि ताईचा प्रश्न विचारला. विचारताना मला जरा ओशाळवाणंच झालं.

तो मात्र हसला नाही. “बसायला समुद्राच्या कडंनं दगडी बाकं हायती. बसत्यात आपल्या बाया. फोनवर असत्यात. लांबनं बगितलं तरी कळतंय, घरी बोलतीय का एजंटासंगं भांडतीय.” मग म्हणाला, “पर सुट्टीचं काय सांगू? रोस्टरवर असती. कोण आजारी पडलं की आपली जाती. मग तेनं आपल्याला बदली द्यायची, आपण तेला द्यायची. चालूच ऱ्हातंय ते.”

बदली. नर्सांच्या तोंडी हा शब्द रोजचा. तू माझी ड्युटी कर, मी तुझी करते. मी तो ऐकला आणि पुढं गेले.

मालदीवची बाई केरळची. ताईच्या दवाखान्यातल्या एका सिस्टरची मावसबहीण. एका लहान बेटावर, आरोग्य केंद्रात. तिच्याशी हिंदीत बोलायचं होतं, आणि आमचं सोलापूरचं हिंदी म्हणजे अर्धं शेजारच्या मोहल्ल्याचं, अर्धं मराठी. आई शेजारी बसलीच होती. तिनं मला कोपरानं ढोसलं, म्हणून मीच विचारून टाकलं.

“दीदी, आपके यहाँ पानी कितने दिन आड आता है?”

“आड? आड मतलब?”

आता आली का पंचाईत! ज्या शब्दावर मी पत्रक काढलं, गुरुजींची शाबासकी घेतली, तो मला एका बाईला समजावता येईना. मी म्हटलं, एक दिन आता, चार दिन नहीं आता. ती म्हणाली, क्या नहीं आता? मी म्हटलं, पानी. ती म्हणाली, क्यों नहीं आता?

क्यों नहीं आता! सात-आठ वर्षं मी हेच तर विचारतेय. इतक्या साध्या आवाजात मला कधी विचारता आलं नव्हतं.

“नल खोलो, पानी आता है,” ती म्हणाली. मग तिच्या डोक्यात प्रकाश पडला. “अच्छा, अच्छा! ऐसा तो हमारा बोट है. एक दिन आता है, एक दिन नहीं.”

“मग बोट दिवसाआड,” मी म्हटलं.

“दिवसाआड,” तिनं तिच्या उच्चारात म्हणून बघितलं, आणि आम्ही दोघी हसलो. भाजी बोटीनं, औषधं बोटीनं, पार्सल बोटीनं. समुद्र खवळला की बोट नाही, मग कांदा संपतो आणि सगळं बेट एकमेकांच्या घरी कांदा मागत फिरतं. बेट एवढंसं की संध्याकाळी चालायला निघालं तर बोलणं पुरं व्हायच्या आत माणूस सुरुवातीच्याच जागी येतो. सिनेमा नाही, बाजार नाही. पगार माल्टाइतका नाही, पण राहायला खोली स्वतंत्र. शुक्रवारी सगळं बंद. केंद्रही बंद, अगदीच कोणी अत्यवस्थ असलं तर बोलावतात. पण शुक्रवार तो शुक्रवार.

“और छुट्टी में बैठती कहाँ हो?”

धक्क्यापाशी झाडाखाली लोखंडी नळ्यांच्या सांगाड्यावर दोरीची जाळी विणलेल्या खुर्च्या असतात, तिथं. बेटावरच्या बायकाही येऊन बसतात. तिला त्यांची भाषा थोडी थोडी येते. नाही आली तरी चालतं.

“बैठके क्या करती हो?”

“बैठती हूँ. बस.”

“फिर?”

“फिर कुछ नहीं. समंदर है ना. देखो मत देखो, वो तो है.” आणि मग तिनं, सहज बोलण्यात बोलणं म्हणून, मला विचारलं, “आपकी दीदी छुट्टी में क्या करती है उधर?”

सांगायला म्हणून मी तोंड उघडलं.

ताई सुट्टीला काय करते? घरी असते. हो, पण काय करते? आईकडे बघितलं. आई दुसरीकडेच बघायला लागली. मी काहीतरी ‘आराम करती है’ असं पुटपुटले आणि आभार मानून फोन ठेवला. ती केरळची बाई दुपारची झोप सोडून माझ्याशी बोलत होती. केमच्या त्या भावानं डबा तसाच ठेवून फोन केला होता. दोघांनाही माझ्याकडून काही मिळायचं नव्हतं. पत्रकात आभार सगळ्यात शेवटी येतात, आणि तेही जागा उरली तर. इथं मी ते मधेच घालते.

भिंतीवर कॅलेंडर होतं. ताई त्यावर निळ्या पेननं गोल करते. मी समजत होते ते तिच्या ड्युटीचं काहीतरी असेल. त्या दिवशी उठून जवळ जाऊन बघितलं. पाच, दहा, पंधरा, वीस. पाण्याचे दिवस. आणि प्रत्येक गोलात बारीक अक्षरात लिहिलेलं ‘सु’. सुट्टी. मागची पानं उलटली. मागच्या महिन्यात तसंच. त्याच्या मागच्या महिन्यात तसंच. नळाचा दिवस एकानं पुढं सरकला की ‘सु’ पण एकानं सरकलेला.

जगाचा आठवडा सात दिवसांचा असतो. आमच्या नळाचा पाच दिवसांचा. या दोन आठवड्यांचा मेळ कधी बसतच नाही. मग दर वेळी तो बसवायला ताई कोणाची तरी बदली घेत होती.

“आई, हे काय आहे?”

“काय असायचंय?” आई म्हणाली. “पाण्याच्या दिवशी घरात माणूस लागतंय की. माझ्यानं पायरी चढून पाणी भरवतंय व्हय? आन तुझं तर त्याच दिवशी असतंय.”

“माझं काय असतं?”

“मोर्चा, न्हायतर निवेदन. तूच म्हणतीस न्हवं, पाण्याच्या दिवशी गेलं की लोक तापलेले असत्यात म्हणून.”

खरं होतं. ती माझीच युक्ती होती. पाण्याच्या दिवशी लोकांचा राग ताजा असतो, त्या दिवशी माणसं जमतात. मी हंड्यावर काठी वाजवत विभागीय कार्यालयावर जायचे, पेपरात एखादा फोटो यायचा. आमच्या घरचे हंडे ताई भरायची. बॅरल, टिपाड, वरची टाकी, शेजारच्या काकूंचे दोन हंडेसुद्धा. आणि त्या सुट्टीच्या बदल्यात ती दुसऱ्या सिस्टरांच्या सणाच्या पाळ्या करायची. दिवाळी तिची, ईद तिची, आणि चौदा एप्रिलही तिचाच. मिरवणुकीच्या दिवशी तीन वर्षं लागोपाठ ती ड्युटीवर होती. मी तिला तोंडावर म्हटलं होतं, “तुला समाजाचं काही पडलेलंच नाही.” ती तेव्हा इस्त्री करत होती. “न्हाय पडलं,” म्हणाली आणि इस्त्री करत राहिली.

यात दोषी कोण, ते मला अजूनही पहिल्या ओळीत लिहिता येतं. पाचव्या दिवशी पाणी येणाऱ्या शहरात एका नर्सची सुट्टी कोणी खाल्ली, याची यादी माझ्याकडे आहे, आणि तिच्यावर मी गप्प बसणार नाही. पण त्या यादीत मला माझंही नाव लिहावं लागतं. पत्रकात तशी सोय नसते.

मी त्या दिवशी ताईजवळ माफी मागितली नाही. आमच्याकडे तशी पद्धत नाही, आणि ताईनं मला हाकललं असतं. मी कागद घेतला. मथळा दिला नाही. मधे एक रेघ मारली. डावीकडे मालदीव, उजवीकडे माल्टा. डावीकडे लिहिलं: पाणी रोज, बोट दिवसाआड. उजवीकडे: पाणी रोज, झोप दिवसाआड. मग त्या दोघांनी जे सांगितलं ते, त्यांच्याच शब्दांत. पगार कुठं जास्त, खोली कुठं आपली, घर कुठून किती लांब. बेंगळुरूला रेल्वेनं गेलं की मालदीवचं विमान जवळ. माल्टाला कुठंतरी मधे उतरून बदलायचं. उजवीकडे लिहिलं: बाई एकटी फिरते, कोणी बघत नाही. डावीकडे लिहिलं: बाई बसते, कोणी उठवत नाही. पुढं जायची वाट उजवीकडे आहे, हेही लिहिलं. बदलीचंही लिहिलं. आणि डावीकडे सगळ्यात खाली, एकदा खोडून, दुसऱ्यांदा लिहिलं: आपली मूर्ती सामानात नेता येत नाही.

एजंटाच्या सूचनांतच ते होतं. त्या देशात दुसऱ्या धर्माची मूर्ती घेऊन उतरता येत नाही. माझ्या हाताला पत्रकाचा झटका आला होता. हे लिहिलं तर ताई डावीकडे जाणार नाही, हे मला कळत होतं, आणि मला ती जायला नकोच होती. म्हणून मी ते पहिल्यांदा मोठ्या अक्षरात लिहिलं. मग लाज वाटून खोडलं. मग वाटलं, लपवणं म्हणजे तर आणखी वाईट. शेवटी बाकीच्या ओळींएवढ्याच अक्षरात लिहिलं.

कौल दिला नाही. आयुष्यात पहिल्यांदा मी मागणी न करता कागद संपवला. कागदाला शेवटच नाही असं वाटत राहिलं.

ताईनं तो शुक्रवारी संध्याकाळी वाचला. या वेळी जेवताना नाही. चटई टाकून, भिंतीला टेकून, दोनदा वाचला. आई लसूण सोलत होती. मी उगाच वह्या लावत होते.

“मूर्तीचं खरं हाय?” तिनं विचारलं.

“खरं आहे.”

“मूर्ती हितं राहू दे. आईला सोबत.” ती पुन्हा कागदाकडे वळली. “पंचशील पाठ हाय की मला. ते कोण उघडून बगणार हाय?”

मी वह्या लावत राहिले. माझ्याकडे याच्यावर तीन मुद्दे तयार होते. तिन्ही बरोबर होते. अजूनही बरोबर आहेत.

“शुक्रवार म्हंजे दर शुक्रवार?”

“दर शुक्रवार. अत्यवस्थ कोणी असलं तरच.”

“ते तर जावंच लागतंय.” तिनं कागदाची घडी घातली. “मग जवळचं मालटा.”

“अगं पण पगार...”

“वाचला की. तूच लिवलायस.”

“आणि पुढं जायची वाट? तिकडं दोन वर्षांनी काय?”

“दोन वर्षांचं दोन वर्षांनी बगू.” मग ती माझ्याकडे बघून, अगदी साधेपणानं म्हणाली, “मला कुणाची बदली घ्यायची न्हाय आता. द्यायची बी न्हाय. लई झालं.”

आईची लसणाची बोटं थांबली. तिला वाईट वाटलं की बरं वाटलं, ते मला सांगता येणार नाही. ती एवढंच म्हणाली, “कांदं बांदून देऊ का मग? तितं संपत्यात म्हणं.”

शनिवारी एजंटाच्या ऑफिसात मी ताईबरोबर गेले. भांडायला कोणी लागलं तर असावं म्हणून. एजंट भला माणूस होता, पण त्यालाही पटेना. “ताई, युरोप सोडून कोण जातं का? लोक रांगा लावतात माल्टाला. परत एकदा विचार करा की.” त्यानं माझ्याकडे बघितलं. “तुम्ही शिकलेल्या दिसताय, तुम्ही सांगा यांना.”

“मी सगळं लिहून दिलंय,” मी म्हटलं. “त्यांनी वाचलंय.”

ताईनं सही केली. बाहेर पडल्यावर ती म्हणाली, “गप बसलीस म्हणून बरं. मला वाटलं हितंच घोषणा देतीस.” आम्ही रस्त्यावरच्या गाड्यावर उसाचा रस प्यायलो. तिनं दुसरा ग्लास मागितला. माझ्या आठवणीत तिनं कुठल्या गोष्टीचा दुसरा ग्लास मागितलेला नाही.

ती श्रावणात गेली. आई स्टेशनवर रडली नाही, घरी येऊन रडली. मी तेव्हा फार काही बोलले नाही. आता लिहिते. मला घडवलं कोणी असं विचारलं, तर मी आजवर गुरुजींचं, चळवळीचं, अभ्यासिकेचं सांगत आले, आणि ते खोटं नाही. पण माझ्या प्रत्येक पत्रकाच्या मागे एक बाई नळाखाली हंडा धरून उभी होती. मी जिथं घसा फोडून हक्क मागत होते, तिथं ती माझ्यासाठी आपला हक्क पाच-पाच दिवसांनी सोडत होती. ते तिनं कधी मोजलं नाही आणि मला मोजू दिलं नाही. मी तिची ऋणी आहे. हे वाक्य मला जड जातं, म्हणून एकदाच लिहिते.

तिकडं पोचल्यावर पहिले चार-पाच दिवस ती रोज फोन करायची. खोली दाखवली, खिडकी दाखवली, केंद्रातला वजनकाटा दाखवला, तो आपल्याकडच्यासारखाच आहे म्हणून. आईनं नळ सोडून दाखवायला लावला. ताईनं सोडला. आई बघत राहिली आणि म्हणाली, “बंद कर गं, वाया चाललं.”

मग पहिला शुक्रवार आला. त्या दिवशी फोन आला नाही. दुपार झाली, चहा झाला, दिवेलागण झाली. आईनं मोबाईल मांडीवरून खाली ठेवला नाही. “लाव की तूच,” ती मला म्हणाली. “काय झालं आसंल?”

“काही झालं नाही,” मी म्हटलं. “राहू दे.”

शनिवारी सकाळी ताईचा फोन आला. आईनं तो हिसकावूनच घेतला.

“काल काय केलंस गं दिवसभर?”

“काय न्हाय,” ताई म्हणाली.

“काय न्हाय म्हंजे?”

“काय न्हाय म्हंजे काय न्हाय, आई. बसले हुते.”